पायली आत येणार नाही

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. गडचांदूरच्या भाड्याच्या खोलीत दीपिका मडावी कीबोर्डवरची राखाडी धूळ फुंकत जावाच्या एकाच मेथडपुढे बसून होती. एटापल्लीजवळच्या बायकांच्या मोहफूल खरेदी केंद्रात मोबाइलवर केलेली प्रत्येक नोंद तिच्या प्रोग्रामच्या या तुकड्यातून, या मेथडमधून जाते. आत आकडा येतो, बाहेर वजनाची पावती निघते.

परवा मोह वेचणाऱ्या दुर्गानं दोन हातांत मावणार नाही असं गाठोडं आणलं आणि पावती निघाली बारा किलोची. तिनं ती तिथंच फेकली. गाठोडं केंद्रात ठेवून गेली ती सांगून, की गुरुवारी बाजारात व्यापाऱ्याला देईन. बाकीच्या बायकाही तिच्यामागे निघाल्या तर केंद्राला कुलूप.

"आशाबाई, बारा कुठून आला?" दीपिकानं केंद्र चालवणाऱ्या बाईंना फोनवर विचारलं.

"मीच टाकला ना. काट्याची बॅटरी मेली होती. दुर्गीनं घरून बारा पायली मोजून आणली, मापात कधी चुकत नाई ते."

"तिथं किलो पाह्यजे होते! पायली हे भरून मोजायचं माप, एका पायलीत किलोहून जास्त मोह बसते."

"मंग तुह्या मोबाइलनं तसं सांगावं ना. मले काऊन बोलून राह्यली?"

दीपिका जास्तच वैतागली. 'फक्त किलो' असं तिनं मेथडच्या वर टीप म्हणून लिहिलं होतं. टीप यंत्र वाचत नाही. तिच्यासोबत कोड लिहिणारा पवनही वाचत नाही. आकडा शून्याहून जास्त आणि साठपर्यंतच हवा, ही अटही त्यानं काढून टाकली होती. आकडा रिकामा आला तर गुपचूप एक धरायचा, अशी त्याची सोय.

"रांग अडून राह्यली होती ना," पवन फोनवर म्हणाला. "आता पायलीचे किलो करून टाक, गुणाकार तर आहे."

"कोणत्या गावची पायली? ओला मोह का वाळलेला?"

"तू आकड्यांनाही सासुरवास करते."

"करतेच. मोकळे सोडले तर हे असं होते."

जुनी अट परत टाकून भागणार नव्हतं. बारा हा आकडा त्या अटीत बसतच होता. तिनं मेथडचा करारच बदलला. नुसता आकडा आता आत येणार नाही. 'किलो' नावाचा वेगळा प्रकार तिनं बनवला, आणि तो तयार होतो फक्त फोनला जोडलेल्या काट्यावरून आलेल्या वजनातून. शून्य आलं, साठाच्या वर गेलं, की मेथड तिथंच थांबते आणि कारण सांगते.

संध्याकाळी आशाबाईंना हे कळलं.

"म्हणजे काटा बंद तर मीही बंद?"

"हो."

"लय आडमुठी आहेस पोरी. दुर्गीले कोण समजावंल?"

"मीच बोलली तिच्याशी. एकदा तोलू देते म्हणे. मग ठरवते."

उद्या गुरुवार. केंद्र सात वाजता उघडतं, बाजार दहाला भरतो. पहिलं वजन दुर्गाच्या गाठोड्याचं आहे, आणि काटा आशाबाईंच्या घरी चार्जिंगला लावलेला आहे.