दुपारचा डोस

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचे कान भारी तिखट. मशीनने दोन टाके मारले की आत काय बिघडलंय ते तो न उघडता सांगायचा. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, एवढंच त्याच्या धंद्याचं शास्त्र. सहा वर्षांची लेक, त्याची लाडकी 'बॉबिन', लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन होऊन घरी आली, तेव्हाही हा शहाणा तेच शास्त्र धरून बसला.

नर्सने बजावलं होतं, "रडायची वाट बघू नका. दर सहा तासांनी औषध द्यायचंच. दुखेल म्हणून ती शू दाबून ठेवेल, ते होऊ देऊ नका. तुंबली तर पुन्हा रबरी नळी घालावी लागेल." नळीचं नाव काढलं की पोरीचा चेहरा पांढराफटक पडायचा.

चार दिवसांच्या जागरणाने त्याची हाडं खिळखिळी झाली होती. बायको सकाळीच कामावर गेलेली. बारा वाजता तो औषधाची बाटली घेऊन आला, तर लेक भिंतीकडे तोंड करून गप्प. निजलीय, कशाला उठवा, म्हणून जरा खुर्चीत टेकला आणि बसल्या बसल्याच त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा अडीच वाजून गेले होते. लेक गुडघे पोटाशी घेऊन, उशीचा कोपरा दातांत धरून टक्क जागी होती. सकाळपासून तिने शू केली नव्हती. तो धडपडत उठला. चुकलेला डोस पाजला, अर्धा तास कसाबसा काढला, मग टबात कोमट पाणी भरून तिला अलगद बसवलं. टबाला डॉक्टरांची परवानगी होती.

"बॉबिन, पाण्यातच कर. कमी दुखेल."

"शी! आई रागावेल."

"आईला मी बघतो. आज तुला सगळं माफ."

तिने त्याच्या मनगटात नखं रुतवली, किंचाळली, आणि पाणी फिकट गुलाबी झालं. पहिले काही दिवस असंच होईल, हे नर्सने सांगितलंच होतं. तेवढं पाणी बघून त्या बाप्याला रडू फुटलं. स्वतःचाच राग येत होता.

"इतकं दुखत होतं तर हाक का नाही मारलीस गं?"

"तू झोपला होतास ना. आई म्हणाली होती, बाबा दमलाय, त्याला त्रास देऊ नकोस."

त्याने तिला टॉवेलात गुंडाळून खाटेवर आणलं. साडेआठचा गजर लावला आणि फोन तिच्याच हातात दिला.

"वाजला की मला उठवायचं," तो म्हणाला. "त्याआधी दुखलं तरी उठवायचं. ओरडून."