टपालमास्तर महाजन

महाजन दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नसत. पण कोणाचं पत्र कुठं अडकलंय, हे त्यांना पाठ असे. सुरतच्या आमच्या कॉलेजात नव्यानं ईमेल आली तेव्हा सर्व्हर त्यांच्या ताब्यात होता, म्हणून ते टपालमास्तर. मूळचे पारोळ्याचे. सकाळी खुर्चीत बसले की आधी चपला काढायच्या आणि अडकलेल्या पत्रांची यादी बघायची.

प्रत्येकाला आपली ईमेल दुसऱ्या पत्त्यावर वळवता येई. महाजनांनी त्याला एक नियम लावला: खुशाल वळवा, पण एक प्रत इथंच राहील. "डिस्क भराई जशे, महाजनभाई!" विभागप्रमुख वैतागले.

"भरू द्या, साहेब. झाडलोट मी करीन. हरवलेलं पत्र मात्र मला आणता येणार नाही."

कुरकुरणाऱ्यांत संगणक शिकवणारी मीही होते.

पुढं बाळंतपणाला मी धुळ्याला माहेरी गेले. ईमेल नवऱ्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर वळवून ठेवली. त्यांनी नोकरी बदलली, तो पत्ता बंद झाला. माझ्या काही लक्षात आलं नाही.

एका दुपारी शेजाऱ्यांकडे महाजनांचा फोन आला. "ताई, तुमची पत्रं तिकडून परत फिरताहेत. एक जर्मनीहून आलंय."

जर्मनीत माझा धाकटा भाऊ. तिथल्या मुलीशी लग्न केलं म्हणून बाबांनी त्याचं नाव टाकलं होतं. तीन वर्षांत त्याचं एक अक्षर नव्हतं.

"वाचून दाखवा ना!"

"ते तुमच्या घरातलं. मी आणून देतो."

शनिवारी ते बसनं आले. छापलेला कागद लखोट्यात, लखोटा डिंकानं बंद. "छापताना मान वळवून उभा होतो," त्यांनी गंभीरपणे सांगितलं. भावानं विचारलं होतं, दिवाळीला येऊ का, बाबा घरात घेतील का? पत्र पोचलं नाही असा निरोप त्यालाही गेला असणार. बहिणीनंही दार लावलं, असंच त्याला वाटलं असेल. मला रडू फुटलं.

बाबांनी कागद दोनदा वाचला. परक्या माणसासमोर त्यांना ओरडताही येईना. कागदाची घडी घालून म्हणाले, "येऊ दे त्याले."

सुरतेहून पाठवायला महाजनांनी माझं उत्तर तिथंच कागदावर उतरवून घेतलं आणि चहा अर्धा टाकून परतीची बस पकडली.

दिवाळीला भाऊ बायकोला घेऊन आला. फेब्रुवारीत बाबा गेले.

महाजन निवृत्त झाले तेव्हा सर्व्हर माझ्याकडे आला. शेवटच्या दुपारी त्यांनी आपलं खातं उघडून दाखवलं. "पुसून टाका, ताई. यात काही नाही." खरंच नव्हतं. इतक्या वर्षांत सर्व्हरच्या तक्रारींखेरीज त्यांना एकही पत्र आलेलं नव्हतं.

मी शेजारच्या टेबलाशी बसून त्यांनाच ईमेल लिहिली. त्या दिवाळीत बाबांनी सुनेला पुरण वाटायला शिकवलं, ती चुकली तेव्हा कसे खळखळून हसले, आणि भाऊ परत निघाला तेव्हा त्याचा हात कसा धरून होते, ते सगळं.

महाजनांनी चष्मा पुसला. सावकाश वाचलं. मग एका बोटानं कळा दाबत राहिले. माझ्या पडद्यावर एकच शब्द उमटला:

"पोचलं."