बर्फावरच्या हॉकीचा चौथा संघ

मित्रांनो, रेडिओ ऐकणाऱ्यांच्या आपल्या फिरत्या पत्रात आजची सकाळ लगेच लिहितो.

पंचायतीच्या रेडिओवर परदेशी केंद्राचा हिंदी कार्यक्रम लागला होता. बर्फावरच्या व्यावसायिक हॉकीचा नवा हंगाम सुरू होतोय, म्हणून एकेका संघाची ओळख चालू होती. पहिला यंदाही जिंकेल, दुसऱ्याचे खेळाडू थकलेत, तिसऱ्याने प्रशिक्षक बदलला. सगळं वहीत नीट उतरवलं.

चौथा संघ खाणीच्या गावचा, गेल्या वर्षी शेवटचा. त्यांच्याकडे एक नवा गोलरक्षक चाचणीला आला होता. सातवीतून शाळा सुटलेला, माझ्यासारखा. त्याला घेतलं की परत पाठवलं, हे निवेदक सांगणार तोच शेजारच्या आबांनी बटण फिरवलं.

“पाऊस हाय का बघू दे. बाया कापूस वेचायल्यात.”

“आबा, एक मिनिट थांबा ना!”

“बर्फावर खेळायलेत म्हणं! आपल्या झरी गावात लग्नाच्या सरबताला बर्फ मिळंना.”

सगळे हसले, मीही हसलो. आबांचंही खरं होतं. पुन्हा ते केंद्र लावलं, तर गाणं चालू होतं.

तेव्हापासून तो गोलरक्षक मला दिसतोय. दाराबाहेर उभा, आत बोलावतील म्हणून थांबलेला.

तुमच्यापैकी कुणी पुढचं ऐकलं का? बाकीच्या संघांचं राहू द्या. त्याला घेतलं का, तेवढं कळवा.