बैठकीतला किड्यांचा सापळा

पावसाळ्यात आमच्या घरी अंधारात जेवायची रीत होती. ताट पुढं आलं की वडील दिव्याचं बटण बंद करत. एकदा पिठल्यातून किडा पोटात गेल्यापासून त्यांनी विजेशी असहकार पुकारला होता. मग कधी मिरची दाताखाली यायची, कधी तांब्या लवंडायचा. मधेच ते विचारायचे, "तू बी बसलीस न्हवं?" अंधारातून आई म्हणायची, "जेवायले की." म्हाताऱ्याला उजेडात चार घास खाता यावेत म्हणून मी, केजमध्ये पंखे दुरुस्त करणारा इसम, संशोधनाला लागलो.

बाजारातल्या यंत्रात किडा तडतडून फुटायचा आणि त्याचे पंख-पाय ताटात यायचे. म्हणून माझ्या यंत्रात करंटची जाळीच नव्हती. वर जांभळा दिवा, त्याखाली हवा ओढणारा कॉम्प्युटरचा जुना पंखा आणि खाली मच्छरदाणीची पिशवी. बाहेरून प्लास्टिकची बादली. पहिल्या खेपेला पंखा उलटा बसला आणि किडे थेट छताला जाऊन आपटले. मी त्यालाही प्रगती म्हटलं.

किडे घरापासून लांब ओढले जावेत म्हणून यंत्र घराबाहेर, गोठ्याच्या अंगाला टांगायचं होतं. पण पोरानं केलेली वस्तू गोठ्यात टांगली तर घराण्याची अब्रू जाते. "लोकायला दिसाया नगं का?" म्हणत वडिलांनी ती बैठकीत, जेवायच्या जागेच्या बरोबर वर टांगली. नारळ फोडला, बादलीला झेंडूचा हार घातला. भावकी जेवायला आली, निम्म्या शिवारातले किडेही आले. हारानं पंख्याचं तोंड बंद झालेलं, त्यामुळं सगळे ताटांत पडले.

"लई भारी मशीन हाय बे," चुलते म्हणाले. "घरोघरचं किडं बोलावून आणायलंय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी हार काढून मी यंत्र मुकाट्यानं गोठ्याकडं टांगलं. त्या संध्याकाळी घरात दिवा चालू राहिला आणि ताटं स्वच्छ राहिली. वडील खुशीत पहिला घास मोडणार, तोच थांबले. आईपुढं ताटच नव्हतं.

"तुजं ताट कुटं हाय?"

"मी मागून जेवते."

"मंग रोज जेवायले म्हणायचीस ते?"

"अंधारात तुमाला कुटं दिसायलतं?"

वडिलांनी आपलं ताट दोघांच्या मधे सरकवलं.

"आवो, पोरगं हाय समोर," आई पुटपुटली.

पिशवी भरली का बघतो, असं म्हणून मी बाहेर आलो. पिशवी मी नुकतीच रिकामी केली होती.