आजोबांचा दोन भिंगांचा कॅमेरा

मंडळी, आज दुपारी कपाट आवरताना आजोबांचा जुना कॅमेरा सापडला. उभा डबा आणि पुढं एकाखाली एक दोन भिंगं. दोन कशाला?

आत्या शेजारीच होती. म्हणाली, "वरच्यातनं बघायचं, खालच्यातनं फोटो निघतो. आणि डोळ्याला लावायचा न्हाय. पोटाशी धरून वरनं आत बघायचं."

मग तिनं तिच्या लहानपणची, पन्नासच्या दशकातली गोष्ट सांगितली. कुणी कॅमेरा डोळ्याला लावला की आजी तोंडावर पदर ओढायची. तिचा एकही फोटो नव्हता. एकदा मंगळवार पेठेतल्या घरापुढं आजोबा हा कॅमेरा धरून, मान खाली घालून उभे होते. आजीला वाटलं, दुरुस्ती चाललीय.

"आधी जेवा की! ह्यो कॅमेऱ्याचा डबा पळून जातोय व्हय?" असं म्हणून ती हसली. बटण इतकं हळू वाजलं, की तिला कळलंच नाही.

फोटो धुऊन आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही भडकणार. ती मात्र बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मी हसल्यावर अशी दिसती व्हय?"

फोटो काढणाऱ्यानं मान झुकवली की समोरचं माणूस बुजत नाही, हे कॅमेरा घडवणाऱ्याला ठाऊक असेल का? तुम्हाला काय वाटतं?