डावीकडून गार येतंय

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगत होतात, की तुमच्या गाडीत चालवणाऱ्याला गरम हवा येते आणि शेजारी बसणारा कुडकुडतो, म्हणून रोज भांडण होतं. तुम्ही हसत होतात. इकडे तुमचे आजोबा आणि मी एकमेकांकडे बघत होतो. फोनवर मला क्रमाने सांगता येत नाही, मध्येच कोणीतरी जेवायला उठतं. म्हणून लिहिते आहे.

मीरा रोडला गाडीचा हीटर कोणी लावत नाही. आमच्या गाडीला तो आहे, हेही मी विसरले होते. काही वर्षांपूर्वी, त्या डिसेंबरात, आजोबांना अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते. बोलणं परतलं होतं, पाय ओढत का होईना ते चालत होते. पण डावा हात कोपरापासून खाली मुका होता. डॉक्टरांनी टाचणी टोचली तरी त्यांना कळत नसे. रोज सकाळी मी त्यांना गाडीने फिजिओथेरपीला नेत असे. थंडी पडली तसं त्यांचं अंग आखडायला लागलं, म्हणून मी हीटर लावला. काचा बंद बघून पार्किंगमध्ये शेजारचे गुजराती काका म्हणाले, "क्या भाभी, काश्मीर जा रहे हो?"

"हां," आजोबा आतून म्हणाले, "तुम्हारे लिए शाल लाऊं?"

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "अगं, डावीकडून गार येतंय."

मी माझ्या समोरच्या झरोक्यावर हात धरला. चांगली गरम हवा होती. "अहो, हीटर चालू आहे. गरमच येतंय."

"तुझ्याकडे येत असेल. माझ्या डाव्या हाताला गार लागतंय."

ज्या हाताला टाचणी कळत नाही, त्याला वारा कसा कळेल? हे मी मनात म्हटलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की अशा आजारात कधी कधी भास होतात, आणि नवीन काहीही वाटलं तर लिहून ठेवा. लिहून ठेवणं मला जन्मभर जमत आलं आहे. मी वहीत लिहिलं: 'डावा हात. गार लागतं म्हणतात. भास?' दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. हा दुसऱ्या झटक्याचा आरंभ तर नसेल? मी त्यांच्या डाव्या हाताला लोकरीचा पायमोजा चढवला.

"उद्या पायात हातमोजे घाल," ते म्हणाले. पण गाडीत बसलं की तेच वाक्य. डावीकडून गार येतंय.

हे असं चाललेलं असताना ब्रेक आवाज करायला लागले, म्हणून गाडी हाटकेशला आमच्या मेकॅनिकच्या गाळ्यावर नेली. हा माणूस उत्तनकडचा, आधी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आजोबांनी ब्रेकचं राहू दिलं आणि त्यालाच सांगितलं, "डावीकडून गार येतंय." मी मागून खूण केली, की सोडून द्या, तब्येतीचं आहे. त्याने खूण पाहिली नाही, किंवा पाहून सोडून दिली. इंजिन चालू ठेवून त्याने एकेका झरोक्यावर तळहात धरला.

"काका बरोबर बोलतात. तुमच्याकडं गरम हाय, मधी कोमट, आनि काकांच्या दाराकडं पार गार."

मी वाकून स्वतः हात लावला. बाहेरच्या सकाळच्या हवेइतकीच गार हवा येत होती. पंधरा दिवसांत मी तिथे एकदाही हात लावला नव्हता.

"म्हणजे हाताला कळतंय," मी म्हणाले.

"अकरा वेळा सांगितलं," आजोबा म्हणाले. "वहीत बघ."

माझे डोळे भरून आले. मेकॅनिक गडबडला. "काकी, रडता कशाला? होईल गाडी. एवढं काय न्हाय झालेलं."

मग त्याने बॉनेट उघडून हीटरकडे जाणारे दोन पाइप दाखवले. इंजिनातलं गरम पाणी एका पाइपाने आतल्या छोट्या जाळीत जातं आणि दुसऱ्याने परत येतं. दोन्ही सारखेच गरम हवेत. आमचा एक चटका देणारा, दुसरा जेमतेम कोमट. "जातंय, पन येत न्हाय. जाळी चोंदली, अर्धीच तापते." इंजिन निवल्यावर त्याने पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं, तर पाणी विटेच्या रंगाचं.

"ह्याच्यात घालता काय तुम्ही?"

मी अभिमानाने सांगितलं, की दर रविवारी पातळी बघून, रेघेपर्यंत, न चुकता बोअरचं पाणी. आमच्या घरात दोन नळ आहेत, तुम्हाला माहीत आहे. पालिकेचं पाणी मोजक्या वेळ येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळ्याला बोअरचं, खाडीकाठचं, मचूळ. पिण्याचं पाणी गाडीत ओतायला माझा हात कधी धजला नसता.

त्याने कपाळाला हात लावला. "काकी, आमची बोट खाऱ्या पान्यात असते, तरी आम्ही तिला जपतो. तुम्ही गाडीला दर रविवारी खाडी पाजली!"

आजोबा खोकला येईपर्यंत हसले. "हेही वहीत लिही," म्हणाले.

त्याने जाळीत उलट बाजूने पाणी सोडलं. गंज आणि खपल्या निघाल्या. पाणी नितळ येईपर्यंत तो तसाच वाकून उभा होता. मग त्यात बोअरचं नव्हे, गंज धरू न देणारं कूलंट भरलं. तेव्हा तुम्हीही इंजिन थंड असताना आधी कूलंटची पातळी बघा, गरम असताना झाकण उघडू नका, आणि गॅरेजवाल्याला ते दोन पाइप तपासायला सांगा. आणि कुडकुडणाऱ्याला हसू नका.

परतताना मी गाडी बाजूला घेतली आणि आजोबांना डोळे मिटायला सांगितलं. बटण फिरवलं. "गार," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा फिरवलं. "आता गरम." मी चार वेळा तपासलं. एकदाही चुकले नाहीत. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी टाचणी टोचली, तेव्हा ते "आई गं!" म्हणून ओरडले. इतकी गोड शिवी मी कधी ऐकली नव्हती, असं मी डॉक्टरांना म्हणाले. ते म्हणाले, ही शिवी नाही. मी म्हटलं, मला सगळं चालेल.

त्या मेकॅनिकची मी ऋणी आहे. आजाऱ्याचं म्हणणं म्हणून त्याने ते सोडून दिलं नाही. गिऱ्हाईक सांगतंय म्हणून त्याने हात लावून पाहिलं. दिवाळीत त्याच्या गाळ्यावर फराळ जातो, आणि तो दर वेळी विचारतो, "काकी, गाडी काय पिते?"

गाडी अजून आहे. आजोबांची बोटं पुरती वळत नाहीत, शर्टाची बटणं मीच लावते. पण डाव्या हाताला गार आणि गरम कळतं.