न बुजवलेला ओठ

सासऱ्यांच्या फोटो स्टुडिओत चेहरे साफ करण्याचं काम सुनेकडे होतं. तीळ, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं ती संगणकावर सफाईने पुसून टाकी. अपवाद एकच. घरातल्या माणसांच्या खालच्या ओठावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन खळगे असत. त्यांना हात लावायचा नाही. "आमच्या रक्ताची मोहर आहे ती," सासरे गिऱ्हाइकांनाही ऐकवत. दर्शनी भिंतीवर आजेसासऱ्यांपासून नवऱ्यापर्यंत सगळे ती मोहर मिरवत टांगलेले होते.

तिची मुलगी जन्मली ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. खालच्या ओठावर तेच दोन खळगे होते, पण तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

"आमच्याकडे असलं काही नव्हतं हो," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या. बोट कुणाकडे, ते वेगळं सांगायला नको होतं.

आनुवंशिक विकारांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाकडे आणि मग नवऱ्याच्या ओठाकडे पाहिलं. खळगे आणि दुभंग ही एकाच जनुकातल्या बदलाची दोन रूपं. कुणाला नुसते खळगे येतात, कुणाला दुभंगही. असा बदल असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. "ओठ शिवता येईल," त्या म्हणाल्या. "दोष मात्र शोधत बसू नका. तो कुणाचाच नाही."

नवऱ्याने घरी येऊन खालमानेने सगळं सांगितलं. सासऱ्यांना आधी स्टुडिओतली भिंत आठवली.

"बरं. पण हिचा फोटो ऑपरेशननंतरच लावू. नाहीतर तू आहेसच, ओठ बुजवून टाक."

"बाबा, खळगे ठेवायचे आणि दुभंग बुजवायचा?" सुनेने विचारलं.

"खळगे शोभतात गं."

"तुम्ही मिरवलेत, म्हणून शोभतात."

"लोक काय म्हणतील?" सासूबाई कळवळल्या.

"म्हणतील, बापावर गेलीय!"

एकाच बदलाला पुरुषाच्या ओठावर वारसा म्हणायचं आणि बाहेरून आलेल्या बाईच्या मांडीवर कलंक, ही वाटणी निसर्गाने केलेली नव्हती. ती मोडायला तिने कुणाची परवानगी मागितली नाही. स्वतः फोटो काढला, कुठेही हात न लावता छापला आणि नवऱ्याच्या फोटोशेजारी खिळा ठोकला. स्टूल धरायला नवरा आपणहून आला.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ही कोण हो?"

सासरे घुटमळले, खाकरले. सुनेने संगणकावरची नजर काढली नाही, पण हात थांबवला.

"नात आहे," ते अखेर म्हणाले. "आमच्याच रक्ताची."